मद्यधुंद चालक आणि व्यसनी माणूस : फेलनी नेमकी कोणासाठी असावी?

पैलतीर (फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रस्ताव ३६ सुमारे ६८ टक्के मतांनी मंजूर केला आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरपासून तो लागू झाला. प्रचाराच्या काळात सगळी चर्चा दुकानांतील चोऱ्यांभोवती फिरली. अमली पदार्थांविषयीचा भाग आपल्याकडच्या मराठी घरांत फारसा कोणी वाचला नसावा, म्हणून हा धागा काढत आहे.

अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत ज्याला पूर्वी दोन वेळा शिक्षा झाली आहे, अशा माणसाजवळ फेंटॅनिल, हेरॉइन, कोकेन किंवा मेथ सापडले, तर त्याच्यावर आता 'उपचारसक्तीची फेलनी' लावता येते. (नव्या वाचकांसाठी : फेलनी म्हणजे ढोबळमानाने एक वर्षाहून अधिक तुरुंगवास होऊ शकेल असा गुन्हा, आणि त्याहून हलका तो मिसडिमीनर.) आरोपीने गुन्हा मान्य करायचा किंवा आरोप नाकारत नसल्याचे सांगायचे, न्यायालयाने ठरवलेले उपचार पूर्ण करायचे, आणि ते पूर्ण झाले की खटला रद्द होतो. उपचार अर्धवट सुटले, तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१४ च्या प्रस्ताव ४७ ने केवळ जवळ बाळगण्याचा गुन्हा मिसडिमीनर केला होता. या गटापुरते ते पाऊल मागे घेतले गेले आहे.

आता याच राज्याचा दुसरा कायदा पाहा. रक्तात ०.०८ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल असताना कोणी गाडी चालवली आणि कोणाला इजा झाली नाही, तर दहा वर्षांतला पहिला, दुसरा आणि तिसरा गुन्हा मिसडिमीनरच राहतो. चौथ्या वेळी फेलनी लावता येते, पण तेव्हाही सरकारी वकिलाने ठरवले तर मिसडिमीनर म्हणून खटला भरण्याची मोकळीक आहे.

माझे मत स्पष्ट आहे. जो माणूस प्रामुख्याने स्वतःचे आयुष्य उद्ध्वस्त करतो त्याला आपण तिसऱ्या वेळी फेलनीच्या दारात उभे करतो, आणि जो रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचे जीव धोक्यात घालतो त्याला चौथ्या वेळेपर्यंत सवलत देतो. हा क्रम उलटा असायला हवा. आपापल्या राज्यांत काय स्थिती आहे आणि आपणांस काय वाटते, ते सविस्तर लिहावे.

अबोली (सॅक्रामेंटो)

मी येथील एका रुग्णालयाच्या ट्रॉमा विभागात परिचारिका आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी कागदावरचा नाही. रात्री दोनच्या सुमारास आणलेल्या माणसांच्या नातेवाइकांना बाहेर जाऊन सांगण्याचे काम ज्यांना करावे लागते, त्यांना चौथ्या गुन्ह्यापर्यंत थांबण्याची कल्पना पटणे कठीण आहे.

एक गोष्ट जोडते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये पीपल विरुद्ध वॉटसन खटल्यात असे ठरवले की, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला आपण जीव घेऊ शकतो याची जाणीव होती आणि तरीही त्याने गाडी काढली, असे दिसत असेल, तर त्याच्यावर दुसऱ्या श्रेणीच्या खुनाचा आरोप ठेवता येतो. त्याची शिक्षा पंधरा वर्षे ते जन्मठेप अशी आहे. म्हणून पहिल्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला न्यायालय तशी ताकीद देते आणि ती नोंदीवर राहते. पुढे जीव गेला की तोच कागद पुरावा म्हणून बाहेर काढला जातो. म्हणजे राज्य आधी इशारा देते आणि नंतर खुनाच्या आरोपापर्यंत थेट उडी मारते. या दोहोंच्या मधल्या वर्षांत त्या माणसाकडे कोण पाहते, हा माझा प्रश्न आहे.

मद्यधुंद चालकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या मातांच्या संघटनेचा, म्हणजे 'मॅड'चा, उगम आमच्या शेजारच्या फेअर ओक्समधल्या दुर्घटनेत आहे. १९८० मध्ये तेथे तेरा वर्षांची मुलगी ज्या चालकाच्या गाडीखाली गेली, तो पूर्वीही याच गुन्ह्यात पकडला गेलेला होता. इतक्या वर्षांनंतरही वारंवार गुन्हा करणारा चालक हाच व्यवस्थेतला सर्वांत मोठा खड्डा आहे.

गोदाकाठ (एडिसन, न्यू जर्सी)

अबोलीताई, आमच्या राज्यात तर दारू पिऊन गाडी चालवणे हा स्वतंत्रपणे फौजदारी गुन्हाच धरला जात नाही. तो वाहतूक कायद्याचा भंग मानला जातो, ज्यूरीशिवाय नगर न्यायालयात चालतो, आणि कितव्याही वेळी घडला तरी त्याची फेलनी होत नाही. मात्र तिसऱ्या वेळी १८० दिवसांची कैद आणि आठ वर्षे परवाना रद्द, अशी शिक्षा आहे. डिसेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्यात लांबलचक निलंबनाऐवजी इग्निशन इंटरलॉकवर भर दिला जातो. चालकाने फुंकर मारल्यावर अल्कोहोल आढळले, तर त्या यंत्रामुळे गाडी सुरूच होत नाही.

त्यामुळे पैलतीर यांच्या मांडणीवर माझा एक आक्षेप आहे. शिक्षेच्या नावावरून तिच्या परिणामाचा अंदाज बांधणे धोक्याचे आहे. आमच्याकडे फेलनीचा शिक्का नाही, तरीही तिसऱ्या वेळची शिक्षा कॅलिफोर्नियाच्या तिसऱ्या वेळच्या किमान शिक्षेपेक्षा जास्त आहे, कारण तुमच्याकडे ती १२० दिवसांपासून सुरू होते.

खारफुटी (मिलवॉकी)

विस्कॉन्सिनमध्ये पहिला गुन्हा केवळ दिवाणी दंडाचा असतो, आणि असे करणारे देशातले हे एकमेव राज्य आहे. सोळा वर्षांखालील मूल गाडीत असेल तरच पहिल्या वेळी तो फौजदारी होतो. २०१७ पासून चौथा गुन्हा मात्र नेहमीच फेलनी असतो, मग तिसरा गुन्हा कितीही वर्षांपूर्वीचा असो. बिअर हा ज्या राज्याचा अभिमान आहे, तेथे विधिमंडळाला पहिल्या गुन्ह्याला हात लावणे आजवर जमलेले नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

सातारकर (पोर्टलंड)

पैलतीर, आपण म्हणता तसे व्यसनी माणसाला फेलनीच्या बाहेर ठेवण्याचा प्रयोग आम्ही तुमच्यापेक्षा खूप पुढे जाऊन केला, म्हणून त्याची हकिकत सांगणे आवश्यक वाटते.

ऑरेगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०२० मध्ये मेजर ११० (मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) सुमारे ५८ टक्के मतांनी मंजूर केले. १ फेब्रुवारी २०२१ पासून थोड्या प्रमाणात अमली पदार्थ जवळ बाळगणे हा गुन्हाच उरला नाही. पोलीस शंभर डॉलरच्या दंडाची पावती देत, आणि ठरावीक क्रमांकावर दूरध्वनी करून आरोग्यविषयक तपासणी करून घेतली की तो दंडही माफ होई. फारच थोड्या लोकांनी तो दूरध्वनी केला. उपचारकेंद्रांसाठी गांजावरील करातून मिळणारा पैसा ज्या संस्थांना द्यायचा होता, त्यांच्या हाती तो फार उशिरा पडला. नेमक्या त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर फेंटॅनिल पसरले. पोर्टलंडच्या मध्यवस्तीत मी रोज कामाला जातो. पदपथावर बेशुद्ध पडलेली माणसे आणि त्यांना ओलांडून जाणारी गर्दी, हे दृश्य त्या वर्षांत नेहमीचे झाले होते.

शेवटी विधिमंडळाने हाउस बिल ४००२ संमत केले, राज्यपाल टीना कोटेक यांनी त्यावर सही केली, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून जवळ बाळगणे पुन्हा मिसडिमीनर झाले. फेंटॅनिल आणि मेजर ११० हे एकाच वेळी आल्यामुळे कोणत्या हानीचे कारण कोणते, हे वेगळे काढणे अवघड आहे, आणि जे लोक सगळा दोष कायद्यावर टाकतात त्यांच्याशी मी सहमत नाही. पण दारात कोणीच उभे नसेल तर व्यसनी माणूस आपण होऊन उपचाराला येईल, ही अपेक्षा आमच्याकडे पुरी झाली नाही, हे मान्य करावे लागते.

पैलतीर

सातारकर, आपला अनुभव महत्त्वाचा आहे. न्यायालयाचा दबाव अजिबात नसावा, असे माझे म्हणणे नाही. दबाव असावा, परंतु त्याच्या टोकाला फेलनी असावी का, एवढाच माझा प्रश्न आहे. ऑरेगननेसुद्धा माघार घेतली ती मिसडिमीनरपर्यंतच.

मध्यस्थ (सॅन होजे परिसर)

मी न्यायालयात दुभाष्याचे काम करतो. भारतीय आरोपी फार थोडे असतात, पण जे असतात त्यांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार दिसते, आणि ती या धाग्यावर अजून कोणी मांडलेली नाही.

प्रस्ताव ३६ मध्ये उपचारांआधी गुन्हा मान्य करावा लागतो. राज्याच्या दृष्टीने उपचार पूर्ण झाल्यावर खटला रद्द होतो आणि प्रकरण मिटते. केंद्रीय स्थलांतर कायद्यात मात्र 'दोषसिद्धी'ची व्याख्या वेगळी आहे. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने त्याच्यावर कोणतेही बंधन घातले, तर राज्याने पुढे तो खटला पुसून टाकला तरी केंद्राच्या लेखी दोषसिद्धी कायम राहते. अमली पदार्थांच्या बाबतीत स्वतःच्या वापरासाठी तीस ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगण्याचा एकच गुन्हा अपवाद आहे. बाकी कोणतीही दोषसिद्धी ग्रीन कार्डधारकालाही हद्दपारीच्या कक्षेत आणते. म्हणजे ज्याने न्यायालयाचे ऐकले, वर्षभर उपचार घेतले आणि व्यसन सोडले, त्याच माणसाला कबुलीमुळे देश सोडावा लागण्याची शक्यता निर्माण होते.

हे कॅलिफोर्नियाला ठाऊक नव्हते असे नाही. जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या सुधारणेने पहिल्या टप्प्यातील आरोपींसाठी कबुलीशिवाय डायव्हर्जनची (खटला थांबवून उपचारांकडे वळवण्याची) सोय केली, आणि त्यामागचे एक प्रमुख कारण स्थलांतरितांचे हेच नुकसान होते. नव्या प्रस्तावाने वारंवार पकडल्या गेलेल्यांसाठी कबुलीची अट परत आणली. हा दोष फेलनी की मिसडिमीनर या वादापेक्षाही गंभीर आहे, असे मला वाटते, कारण मिसडिमीनरची कबुलीही हद्दपारीला पुरेशी ठरते.

ज्यांच्या घरात अशी वेळ आली असेल त्यांनी फौजदारी वकिलाला पहिल्याच भेटीत आपला व्हिसा कोणता आहे ते सांगावे. २०१० च्या पाडिया विरुद्ध केंटकी निकालानुसार कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल, तर तसा सल्ला देणे हे बचाव पक्षाच्या वकिलाचे कर्तव्य आहे.

नीलमोहर

मध्यस्थ, ही माहिती दिल्याबद्दल मनापासून आभार. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यालाही हेच लागू होते का? आमच्या ओळखीतल्या एका मुलाचा एच-वन व्हिसा केवळ अटकेनंतर रद्द झाल्याचे ऐकले.

मध्यस्थ

नीलमोहर, दोन्हींत फरक आहे. दारू पिऊन गाडी चालवणे हे एकट्याने सहसा हद्दपारीचे कारण होत नाही. २००४ मध्ये लिओकाल विरुद्ध अ‍ॅशक्रॉफ्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, अपघातात इजा झाली असली तरी निष्काळजीपणावर आधारलेला असा गुन्हा 'हिंसेचा गुन्हा' ठरत नाही. परंतु परराष्ट्र खाते २०१५ पासून केवळ अशा अटकेच्या आधारेही पासपोर्टवरचा व्हिसा रद्द करते. त्यामुळे त्या मुलाचे येथील वास्तव्य आपोआप संपत नाही. मात्र देशाबाहेर गेल्यास परत येण्यासाठी नवा व्हिसा आणि बहुधा वैद्यकीय तपासणी लागते. नागरिकत्वाच्या अर्जाच्या काळात अशा दोन दोषसिद्धी असतील, तर सद्वर्तनाच्या कसोटीत गृहीतक अर्जदाराच्या विरुद्ध जाते.

म्हणजे पैलतीर ज्या उलट्या क्रमाविषयी बोलत आहेत, तोच केंद्राच्या पातळीवर अधिक तीव्रतेने दिसतो. तीनदा दारू पिऊन गाडी चालवणारा ग्रीन कार्डधारक येथे राहू शकतो, आणि एकदा खिशात कोकेन सापडलेला कदाचित राहू शकत नाही.

उत्तरवारा (सू फॉल्स, साउथ डकोटा)

मी डॉक्टर आहे आणि व्यसनाधीन रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. आपली सगळी चर्चा शिक्षा किती मोठी असावी यावर चालली आहे; ती किती लवकर आणि किती निश्चितपणे मिळते, यावर आमच्या छोट्या राज्याने जे केले ते आपण पाहावे.

येथे तिसरा गुन्हा फेलनी आहे, तरीही तुरुंग त्याच त्याच माणसांनी भरत होते. अ‍ॅटर्नी जनरल लॅरी लाँग यांनी २००५ मध्ये '२४/७ सोब्रायटी' नावाचा कार्यक्रम सुरू केला. वारंवार पकडल्या गेलेल्या चालकाने रोज सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या ठिकाणी जाऊन ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकायचे. अल्कोहोल आढळले किंवा तो आलाच नाही, तर त्याला एखाद-दोन दिवसांसाठी ताबडतोब आत टाकले जाते. दूर राहणाऱ्यांसाठी घोट्याला बांधायचे उपकरण असते. प्रत्येक चाचणीचा खर्च तो स्वतः देतो आणि आपली नोकरी करत राहतो. रँड संस्थेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या काउंटींत हा कार्यक्रम आला तेथे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलच्या पुनरावृत्तीच्या अटका सुमारे १२ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसेच्या अटका सुमारे ९ टक्क्यांनी घटल्या.

गाडीपेक्षा दारूवर लक्ष ठेवले, हे या पद्धतीचे मर्म आहे. परवाना काढून घेतला तरी माणूस गाडी चालवतो, हे आम्ही पाहिले होते. मेंदूवर व्यसनाचा ताबा असताना तीन वर्षांनंतरची कैद त्या माणसाला खरी वाटत नाही, पण उद्या सकाळी सात वाजताची चाचणी खरी वाटते. दारू सोडताना ज्यांना फेफरे येण्याचा धोका असतो त्यांच्यासाठी वैद्यकीय देखरेख अत्यावश्यक आहे, आणि ही बाजू सर्वत्र पुरेशी भक्कम नाही, असे माझे मत आहे.

देवराई (लॉस एंजेलिस)

डॉक्टरसाहेब, आपला मुद्दा पटतो, परंतु अमली पदार्थांच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. माझा धाकटा मामेभाऊ येथेच वाढला आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांपासून त्याचे व्यसन सुरू झाले. तो आज बरा आहे. ड्रग कोर्टाच्या न्यायाधीशांनी त्याला दर पंधरवड्याला समोर बोलावले, नावाने हाक मारली आणि तो पुन्हा घसरला तेव्हा बाहेर हाकलले नाही, म्हणून तो बरा झाला, असे आमच्या मामीला आणि मला वाटते. म्हणून न्यायालयाने हात काढून घ्यावा, असे मी कधीही म्हणणार नाही.

पण त्याला बुप्रेनॉर्फिनचा (व्यसनाची ओढ कमी करणाऱ्या औषधाचा) उपचार मिळाला, राहायला जागा मिळाली आणि समुपदेशक मिळाला. प्रस्ताव ३६ ने उपचारांची सक्ती केली, त्यासाठी स्वतंत्र निधी मात्र ठेवला नाही. उलट प्रस्ताव ४७ मुळे तुरुंगखर्चात जी बचत होत होती, तिचे ६५ टक्के व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्यासाठी राखून ठेवलेले होते. तुरुंगात जास्त माणसे गेली की ती बचतच आटते. ज्या काउंटीत खाटाच नाहीत तेथे न्यायाधीश उपचाराचा आदेश कुठे पाठवणार? उपचार उपलब्ध नसताना उपचार पूर्ण न केल्याबद्दल कैद देणे हा अन्याय आहे आणि तो आपण अन्याय म्हणूनच नोंदवला पाहिजे.

इंद्रायणी (पुणे)

मी पुण्यात व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक आहे. अमेरिकेतील कायद्यांविषयी मी बोलू शकत नाही, पण कबुलीचा मुद्दा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. आपल्या एनडीपीएस कायद्याची, म्हणजे भारताच्या अमली पदार्थविरोधी कायद्याची, एकूण रचना अतिशय कठोर आहे. तरीही त्याच्या कलम ६४-अ मध्ये अशी तरतूद आहे की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात जवळ बाळगण्याचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण काढून घेता येते. म्हणजे दबाव शिल्लक राहतो, आणि कबुली द्यावी लागत नाही. प्रत्यक्षात या कलमाचा लाभ मागणारे फार कमी दिसतात, कारण घरच्यांना आणि कित्येकदा वकिलांनाही ते माहीत नसते. प्रत्येक वेळी मला हे सांगताना हळहळ वाटते.

दारू आणि गाडीच्या बाबतीत म्हणाल, तर आपली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती ८० आहे. मर्यादा कडक असूनही तपासणी क्वचित होते, म्हणून डॉ. उत्तरवारा यांच्या निश्चिततेविषयीच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

तळेगावकर (रेडमंड, वॉशिंग्टन)

पैलतीर यांना हवा असलेला क्रम आमच्या राज्यात काही अंशी आधीच आला आहे. वॉशिंग्टनमध्ये दहा वर्षांतला पाचवा गुन्हा फेलनी असे. २०१७ च्या दुरुस्तीने चौथा गुन्हाच फेलनी झाला. नंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टेट विरुद्ध ब्लेक निकालात जवळ बाळगण्याचा फेलनी कायदाच घटनाबाह्य ठरवला. त्या खटल्यातील बाईंना मैत्रिणीकडून मिळालेल्या जीन्सच्या छोट्या खिशात मेथची पुडी निघाली होती, आणि ती आहे हे त्यांना माहीत नसले तरी जुन्या कायद्याने त्या दोषी ठरत होत्या. २०२३ च्या विशेष अधिवेशनात विधिमंडळाने मधला मार्ग काढला : जाणूनबुजून जवळ बाळगणे हा ग्रॉस मिसडिमीनर (मिसडिमीनरचा अधिक गंभीर प्रकार), आणि उपचारांकडे वळवण्यावर भर. तडजोड अपुरी आहे, पण दिशा योग्य आहे, असे मला वाटते.

अबोली

सर्वांचे प्रतिसाद वाचले. एका बाबतीत मात्र मी पैलतीर यांच्याशी असहमत आहे. आपण मद्यधुंद चालक आणि व्यसनी माणूस असे दोन वेगळे लोक कल्पिले आहेत. माझ्या विभागात चौथ्या वेळी येणारा चालक हा जवळजवळ नेहमीच गंभीर मद्यविकाराचा रुग्ण असतो, आणि आता त्याच्या रक्तात दारूबरोबर आणखी काही सापडणे नवलाचे राहिलेले नाही. त्याला फेलनी देऊन तीन वर्षे आत ठेवले आणि उपचार दिले नाहीत, तर तो तोच आजार घेऊन बाहेर येईल. प्रस्ताव ३६ ने वॉटसन निकालाची ताकीद उचलून अमली पदार्थ विकणाऱ्यांना लागू केली : यापुढे तुमच्या मालाने कोणी मेले तर खुनाचा आरोप होऊ शकतो. रस्त्यावरच्या कायद्यातून ताकीद तेवढी घेतली. मग उपचारांची सक्ती उलट्या दिशेने, चौथ्यांदा पकडल्या गेलेल्या चालकाकडे का नेली नाही?

पैलतीर

अबोलीताई, आपला मुद्दा मान्य करून मूळ प्रश्नाकडे येतो आणि माझी मागणी अधिक नेमकी मांडतो.

वारंवार दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यासाठी दहा वर्षांतल्या तिसऱ्या गुन्ह्याला फेलनीचा आरोप ठेवता यावा. त्याबरोबर साउथ डकोटासारखी रोजची चाचणी आणि उपचार असावेत, आणि कॅलिफोर्नियात आज पहिल्या गुन्ह्याला सक्तीचा नसलेला इंटरलॉक पहिल्यापासून सक्तीचा करावा. केवळ जवळ बाळगण्याच्या गुन्ह्यात न्यायालयाचा दबाव राहावा, परंतु तो कबुलीशिवाय राहावा आणि काउंटीत खाट उपलब्ध असेल तेव्हाच उपचार न घेतल्याचा दोष लागावा. या मागण्या घेऊन आपापल्या विधिमंडळ सदस्यांना पत्र लिहिण्याची माझी तयारी आहे. कॅलिफोर्नियातील जे सभासद मतदार आहेत त्यांनी सोबत सही करावी, अशी विनंती आहे.

मध्यस्थ

पत्राच्या मसुद्यातील स्थलांतराचा परिच्छेद मी लिहून देतो. त्यात २०१८ च्या डायव्हर्जनचा दाखला पुढे ठेवू, कारण याच राज्याने एकदा मान्य केलेली गोष्ट पुन्हा मागणे विधिमंडळ सदस्यांना नाकारणे जड जाईल.

देवराई

माझी सही गृहीत धरावी. खाटांच्या उपलब्धतेविषयीची अट मात्र मसुद्यात सर्वांत वर असावी, अशी सूचना आहे.